हातचे दोन

चोंगोर सेगेदहून आला, तो यंत्र न्यायला.
डेब्रेत्सेनच्या ट्रामथांब्यापासून चालत, बुटांना बर्फ,
दारातच म्हणाला, काकू, मी बार्नाबाशकाकांच्या गटातला.

कोठीच्या खोलीत, आंबट चेरीच्या बरण्यांमागे,
सहा वर्षं एक पंखा घुरघुरत होता.
एमोकेला वाटे, नवरा हवामान मोजतो.
वीजबिल ती भरायची. विचारायची नाही.
टपालकचेरीत एकतीस वर्षं पार्सलं तोललेली बाई,
आत काय आहे ते विचारायचं नसतं, वजन तेवढं बघायचं.

हवामान नाही, चोंगोर म्हणाला. दोनशे शहात्तर.
त्याला भाग जाणारे सगळे आकडे घ्या, तो स्वतः सोडून,
बेरीज करा. येईल त्याचं पुन्हा तेच.
कुणी घसरत एकावर येऊन संपतो,
कुणी गावभर हिंडून आपल्याच दारात उभा राहतो,
सहासारखा एखादा जागचा हलत नाही.
दोनशे शहात्तराचं शेवटी काय होतं,
कुणालाच ठाऊक नाही.
काका म्हणायचे, मी जाईन त्याच्यासोबत जमेल तितकं.

एमोकेने पिठाच्या डब्यावरची पेन्सिल घेतली.
सगळे आकडे शोधत बसू नका, तो म्हणाला, तुकडे करा.
चार, तीन, तेवीस.
चाराचे सात होतात, तिनाचे चार, तेविसाचे चोवीस.
सात चोक अठ्ठावीस,
अठ्ठावीस चोविसा सहाशे बहात्तर (हे तिने तोंडीच केलं),
त्यातून मूळचे वजा: तीनशे शहाण्णव.
असं कसं जमतं?
जमतं, पण अट आहे.
तुकड्यांमध्ये एकाखेरीज सामाईक काही नको.

आणि असलं तर?

त्याने परातीतले अक्रोड ओढले. दोन इकडे, दोन तिकडे.
बे दुणे चार, खरं ना?
दोनाचे होतात तीन, म्हणजे तीन त्रिक नऊ यायला हवेत.
पण चाराला भाग जातो एकाने, दोनाने, चाराने. आले सात.
दोन कुठे गेले?
कुठे नाही गेले. ते दोघांकडे होते, म्हणून दोनदा मोजले.
आणि त्याने एक अक्रोड फोडून खाल्ला.

ती चर्चच्या घंटेखाली वाढलेली, तो अनाथालयात;
तिला मीठ कमी, त्याला जास्त;
तिला पहाट, त्याला मध्यरात्र.
पहिली काही वर्षं नुसती गुणत गेली.
मग बोग्लार्का. अकरा दिवस.
त्यानंतर तो कोठीच्या खोलीत मोजत बसला
आणि ती इथे, या टेबलाशी,
तीच एक, दोघांनी, वेगवेगळी.

चोंगोर केबल गुंडाळत होता.
तिने कागद उलटला.
सहाशे शहाण्णव. अकराशे चार. अठराशे बाहत्तर.
तीन हजार सातशे सत्तर, मग जेमतेम वीस वर,
जिन्यात दम लागल्यासारखा,
आणि तीन हजार पन्नास!
उतरला, ती ओरडली, बघ, उतरला!
अजून एकदा उतरेल, तो म्हणाला. मग चढतो.
नंतर तुमचा कागद पुरणार नाही.
आता त्याची लांबी दोनशे अंकांच्या वर आहे
आणि एक तुकडा फोडायला महिने जातात.

बंद करताना पंखा एकदम थांबला नाही,
हळूहळू थांबला.
तिने त्याला चेरीच्या दोन बरण्या दिल्या, वर्तमानपत्रात बांधून,
सवयीने हातात धरून वजन पाहिलं.

रात्री कोठीची खोली गार पडली.
इतकी वर्षं ती खोली ऊबदार का, हे तिला आज कळलं.
दिवा लावून ती बसली: दोन हजार सातशे सोळा.
चार, सात, सत्त्याण्णव. एकमेकांत काहीच नाही त्यांचं,
सरळ गुणाकार.
दोन हजार सातशे बाहत्तर. चढला लेकाचा.
त्याचे तुकडे: चार, नऊ, सात, अकरा.

चाराशी ती थांबली.
सातच लिहायचे, माहीत होतं.
तरी आधी नऊ लिहिले,
मग खोडले,
आणि हातचे दोन
कागदाच्या कडेला मांडून ठेवले.