तुटेपर्यंतची लांबी

लिंझ शहराबाहेरच्या चाचणीघरात रोसविथा
यंत्राच्या दोन जबड्यांत पट्टी अडकवते.
मधे बारीक, टोकांना रुंद,
कुत्र्यापुढे टाकावं तसलं हाडूक.
रंग हिरवट-करडा.
सगळे रंग एकत्र वितळले की हाच उरतो,
कुणीच न निवडलेला.

गेल्या महिन्यात हे दह्याची वाटी होतं,
शाम्पूचं टोपण,
कुणाच्या तरी फ्रीजमधला लोण्याचा डबा.

यंत्र ओढू लागतं. मिनिटाला पन्नास मिलिमीटर.
कोरा माल असता तर कंबर बारीक करत,
पांढरा पडत, पाचपट लांबला असता;
ती कॉफी घेऊन आली असती तोवर.
हा मात्र
टक्.
अकरा टक्के.

भिंगाखाली तुटलेलं तोंड. मधोमध चांदीचा कण.
वाटीच्या झाकणाची पन्नी, चाळणीतून निसटलेली.
तडा इथूनच निघाला.
वर्गीकरणाच्या पट्ट्यावर रात्रपाळी करणारा सेनाद म्हणतो,
पट्टा सेकंदाला तीन मीटर धावतो, बाई,
आणि लोक झाकण ओढतात ते अर्धंच,
एका कडेने लोंबकळत सोडून देतात.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात.
इथं पीळच आधी जातो:
दर वितळण्यात रेणूंच्या साखळ्या आखूड होतात,
मग माल पाण्यासारखा वाहतो, लवकर मोडतो.
राहतो सुंभ.
आणि वास.

वासाची चाचणी दुपारी. दाणे बरणीत, ऐंशी अंश, सहा नाकं.
किलियान म्हणतो, आंबट दूध, ओला पुठ्ठा. साडेचार.
रोसविथा दुसऱ्यांदा झाकण उघडते.
इस्पितळाच्या धोबीखान्यातला मऊकारक, लायलॅकचा.
बावीस वर्षांची होती तेव्हा
चादरी घड्या घालून मनगटं सुजायची.
रकान्यात फक्त आकडा मावतो.
ती चार लिहिते.

शेवटचा रकाना: कशाला चालेल.
रंगाची बादली. कुंडी. बाकाची फळी, फार लांब नको.
अन्नाला नाही.

रात्री स्वयंपाकघरात उभ्यानेच ती दही खाते.
झाकण आधीच काढलंय, सावकाश, एकाच दिशेने.
तरी कडेला नखाएवढी पन्नी चिकटलेली.
चमचा ओठांत धरून
ती नख लावते.