अकरा नंबर

टबातल्या पाण्यात मी दूध पावडर कालवते.
पाणी पांढरं झालं की चौथरा दिसेनासा होतो,
काचेचा, पंजाएवढा,
पाण्याखाली बोटभर.
मग उंदराला हळूच सोडायचं
आणि स्टॉपवॉच दाबायचं.
साठ सेकंद.

भिंतीवर खुणा लावल्यात: लाल त्रिकोण, निळी चांदणी.
त्या बघत बघत त्यानं ठरवायचं, आपण कुठं आहोत.
बाबा होडी अशीच आणायचे वेंगुर्ल्याच्या बंदरात.
दीपगृह आणि टेकडीवरचा वाकडा माड
एका रेषेत आले, की डाव्या हाताला खडक,
भरतीला कुणालाच न दिसणारा.
चाळीस वर्षांत त्यांची फळी त्याला घासली नाही.

परवा त्यांना न्हाणी सापडली नाही.

सकाळी विसरायचं इंजेक्शन.
ते मीच देते, वहीत वेळ टिपून.
मग आजगावकर मॅडम सुया लावतात,
एक टाळूवर, दोन कानांच्या मधोमध,
एक मागच्या पायाला, गुडघ्याखाली.
केसासारख्या बारीक. पंधरा मिनिटं.
दुसऱ्या पिंजऱ्याला त्याच सुया, पण भलत्याच जागी,
म्हणजे फरक पडलाच तर कशानं पडला ते कळेल.
तिसऱ्याला काहीच नाही.
तिसऱ्या पिंजऱ्याकडे मी फार वेळ बघत नाही.

अकरा नंबर पहिल्या दिवशी
टबाच्या कडेकडेनं फिरत राहिला,
साठ झाले, मीच उचलला, थरथरत होता.
पाचव्या दिवशी बाविसाव्या सेकंदाला
चौथऱ्यावर चढून मिशा पुसत बसला.
मी मॅडमना हाक मारली, जरा मोठ्यानंच.
त्या म्हणाल्या, एकट्याचं काय घेऊन बसलीस,
मुळातच चांगला पोहणारा असेल.
आणि सोमवारी सगळ्यांचे मेंदू कापायचेत.
अकराचाही.

घरी बाबा विचारतात,
"उंदीर पेवतत गो?"
"पेवतत."
"आणि तडीक लागतत?"
"काही लागतत."
रोज विचारतात, रोज तेवढंच नवल करतात.
मांडीवर फाटकं जाळं, हातात लाकडी सुई.
गाठ अजून बरोबर बसते,
फक्त जाळं कुणाचं, ते मला विचारतात.

रात्री डोक्याला तेल घालताना
माझा अंगठा टाळूवर थांबतो, त्याच जागी.
सुई नाही. असती तरी
आमच्या वहीत माणसाबद्दल एक ओळ नाही.
नुसता दाबून धरते, मनात मोजते.
छप्पन्नला ते मान वळवतात.
"सुकती लागली," म्हणतात, "खडक आता दिसतलो."
बाहेर भरती चढत असते.

सोमवारी येताना
भिंतीवरचा लाल त्रिकोण मी पिशवीत घालून आणला.
न्हाणीच्या दारावर चिकटवलाय,
त्यांच्या नजरेच्या उंचीवर.
अजून त्यांनी त्याकडे पाहिलेलं नाही.