सात किलो

शाहूपुरीत, गुळाच्या अडतीत,
रवे जोखायच्या काट्यावर
मी माझी सॅक ठेवली.
नऊ किलो दोनशे.
विमानाला सातच चालतात.

बापूसो तोलारांनी चष्मा वर सरकवला.
"काढ की काय तरी."
जीन्स काढली. छत्री. दुसरा टॉवेल.
चटणीच्या बरणीला हात लावला
आणि परत ठेवली.

पावतीच्या पाठीवर माझी गावं:
प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, क्राकूव्ह.
दोन रात्री बसमध्येच झोपायचं,
तेवढंच खाटेचं भाडं वाचतं.
व्हेनिस परवाच खोडलं, रंकाळ्याच्या कठड्यावर,
होडीचा दर बघून.
दोन वर्षांची भिशी, फौंड्रीतला ओव्हरटाइम,
आणि युरो रोज सकाळी
चार-सहा पैशांनी माझ्यापासून लांब.

आठ किलो शंभर.
"या गावांत तुझं कोण हाय?"
कुणीच नाही, म्हटलं.
ते काट्याकडेच बघत राहिले जरा वेळ.
मग पोत्यांवर मार्का टाकायचा ब्रश घेतला,
सॅक उलटी करून आतल्या कापडावर
निळ्या रंगात अडतीचा नंबर लिहिला,
आठ जरा वाकडा.

"वाळू दे. हलवू नको."

मी थांबले तिथंच, गुळाच्या वासात,
चटणी बरणीतून कागदात,
कागद जॅकेटच्या खिशात.
खिसा कोण जोखतंय?