पायाला जागा

थर्माकोलचा खोका फोडला तेव्हा
पिशवीतलं पाणी कोमट झालेलं,
कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलात
रात्रभर घाट उतरून आलेलं.
आत, बंद मुठीएवढा, एक शिंपला.

"एकच?" आये म्हणाली.
मग तिनं किंमत विचारली
आणि नंतर बराच वेळ काहीच विचारलं नाही.
वेंगुर्ल्याच्या खाडीत, ओहोटीला, गुडघाभर चिखलात
पायाच्या बोटांनी तिसऱ्या चाचपत
तिनं आम्हा तिघांची शाळा केली.
कुठल्या वर्षी वाटा कितीला गेला
ते तिला अजून तोंडपाठ आहे.

समुद्र घरापासून दोनशे पावलांवर.
त्याची गाज चुलीपाशी ऐकू येते
आणि मी बादलीत परदेशी डब्यातलं मीठ ढवळतो,
काटा पस्तिसावर येईपर्यंत.
इनास कुंपणावरून बघून गेला:
"तुका एक दर्या पुरना नाय काय रे?"

काय सांगणार.
दिवसभर लोकांचे फ्रीज उघडायचे,
गॅस भरायचा, शिव्या खायच्या,
आणि संध्याकाळी येऊन
चार फूट बाय दोन फुटांच्या या दर्याचा ताप बघायचा.

पिशवी अर्धा तास तरंगत ठेवली.
मग सलाईनच्या नळीला सैल गाठ मारून
थेंब. थेंब. सेकंदाला दोन.
हे मोजायला मी शिकलो
सावंतवाडीच्या दवाखान्यात, बाबांच्या उशाशी.
तिथे उपयोग झाला नव्हता.

विकणाऱ्यानं बजावलं होतं:
आधी खाली, वाळूवर. उजेड हळूहळू.
मी ऐकलं नाही.
दिव्याखालच्या सगळ्यात उंच खडकावर ठेवला,
दिसायला हवा ना, एवढे पैसे मोजलेत.
तो केसभर उघडला:
पेटत्या गॅसच्या कडेसारखा निळा,
आत हिरवे ठिपके, ते म्हणे डोळे.

सकाळी तोंडघशी वाळूत.
उचलून ठेवला. दुपारी पुन्हा वाळूत.
तिसऱ्यांदा हात पाण्यात घातला तेव्हा
आये मागे उभी होती.

"तां पडना नाय, जागा शोधता.
तेका पाय आसता रे.
पायाक धरूक कायतरी दी."

कोंबड्यांसाठी कुटायला ठेवलेल्या ढिगातून
तिनं कालवाची एक जुनी शिंप काढली,
खोलगट, बशीएवढी,
विहिरीवर नारळाच्या शेंडीनं घासघासून आणली.
खाली, कोपऱ्यात, वाळूत खोचली
आणि तिच्या वाटीत त्याला टेकवला,
पोर झोपवताना मान सांभाळावी तसा.
हात बाहेर येताना सावली पडली.
तो खटकन मिटला.
"रागावलां," ती म्हणाली,
आणि खुर्ची उचलून
दिव्याच्या दुसऱ्या अंगाला नेऊन बसली.

रात्री लाइट गेली. आमच्याकडे जाते.
इन्व्हर्टर कण्हत होता.
मी बॅटरी लाल कागदात गुंडाळून आत पाहिलं:
शिंपल्याच्या बुडातून
काथ्याच्या शेवेसारखे पाच-सहा धागे
कालवाच्या शिंपेला चिकटलेले.
बोट लावून बघावंसं वाटलं.
आये अंधारातून म्हणाली, "ओढू नको."
ती जागी होती हे मला माहीत नव्हतं.

आता तो शिंपेसकट वर सरकतो,
आठवड्याला एक वीत.
मी सरकवतो, ती दिशा सांगते.
तिची सावली पडली तर कड जरा आखडते, बस.
माझ्या सावलीला अजून पुरता मिटतो.

बुधवारी तिसऱ्या आल्या, दोन वाटे.
आ वासलेली एकेक ती नखानं टिचकावून बघते,
मिटली तर टोपात, नाही तर माडाच्या बुडात.
नेहमी आडोळी घेऊन इथेच बसते, काचेसमोर,
इथला उजेड चांगला.
त्या दिवशी टोप उचलून उठली.
मी विचारलं, काय झालं?
"कायेक नाय," म्हणाली,
आणि मागच्या पडवीत जाऊन
पाठ करून फोडत बसली.

आमटी झकास झाली होती.
मी तीनदा वाढून घेतली.
शिंपला उघडाच होता.