मिलो

पहाटे साडेचार, कॉलेजचं पार्किंग,
पंधरा सीटची व्हॅन आणि आम्ही तेरा.
ड्वेनने मागे हातोड्या रचल्या, पहारी, मास्कची खोकी,
त्यावर स्लीपिंग बॅगा, आणि सगळ्यात वर
कुणाची तरी गिटार,
जी केंटकीपर्यंत प्रत्येक खड्ड्यात कण्हत आली.
पास्टर लुंड यांनी टोपी काढून प्रार्थना केली,
आखूडच. कान गारठले होते त्यांचे.

मी भिंगारदिवे, नगरची.
आमच्याकडे मिशन म्हणजे दगडी देऊळ,
कुलूप लागलेला दवाखाना,
आणि बांधावरून छत्री घेऊन येणाऱ्या
बायबलबाईच्या गोष्टी.
मिशन आमच्याकडे येत असे.
आपण त्याच्यासाठी निघायचं, तेही चिप्स खात,
हे मला अजून नीट जमत नव्हतं.

टोपेकाच्या अलीकडे उजाडलं.
दोन्ही अंगांना लाल शेत.
गंजलेल्या पत्र्यासारखं लाल, कणसं ताठ, माणूस कुठे नाही.
कसलं पीक, मी विचारलं.
ड्वेन आरशातून म्हणाला, मायलो.
गुरांना घालतात.

मिलो.
बहात्तर साली बाबा नऊ वर्षांचे,
रेशनच्या रांगेत, पिशवीचा बंद दातांत धरून.
अमेरिकेची लाल ज्वारी.
भाकरी थापली की कडा फाटायच्या,
तव्यावरून उचलली की दोन तुकडे,
आणि तेही मोजून.
आमच्या घरात अजून
न टिकणाऱ्या वस्तूला मिलो म्हणतात:
मिलो चप्पल, मिलो छत्री,
आत्याचा पहिला नवरा.

हसू आलं. शेजारी माई यांग झोपलेली,
तिला उठवून सांगण्यासारखं नव्हतं.

मग मिसुरी, संपता संपेना.
मिसिसिपीवर सगळे फोटोपुरते जागे झाले.
इलिनॉयमध्ये टोबायस आणि क्रिस्टन भांडले,
फ्राइज खाण्याआधी डोळे मिटायचे की नाही यावरून,
आणि इंडियानाभर
कुणी कुणाशी बोललं नाही.
केंटकीचे डोंगर दिसलेच नाहीत, रात्र होती;
कानांत दडे बसले, त्यावरून कळलं.
चर्चच्या तळघरात झोपलो.
भिंतीवर माझ्या खांद्याइतकी
पुराची रेघ.

व्हर्ना कूम्सचं घर ओढ्यापासून बावीस पावलांवर.
जमीन कुजलेली, फळ्या केकसारख्या निघत होत्या.
ती दारात खुर्ची टाकून बसली,
अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पुरुषी बूट घातलेली,
आणि आम्ही तिचं घर पोटातून उपसताना
लक्ष ठेवत राहिली.
तू कुठली गं?
इंडिया म्हटल्यावर तिने खुर्ची पुढे ओढली.
रविवारच्या शाळेत म्हणे पुठ्ठ्याची पेटी असायची,
वर एका काळ्या मुलीचं चित्र,
आत दर आठवड्याला एक नाणं.
एकदा तिने ते नाणं चोरून
गोळ्या घेतल्या होत्या.
हे सांगताना तिने दाराकडे पाहिलं,
जणू आई अजून आत आहे.
आणि मग विचारलं,
पोचायचे का गं ते पैसे?

माझ्या हातात खिळे उपटायची पहार.
दवाखाना आठवला, त्याचं कुलूप,
त्या दवाखान्यात जन्मलेले बाबा,
आणि ती भाकरी.
म्हटलं, पोचायचे.
गोळ्यांचं जाऊ दे.
भाकरी फुटायची, हे नाही सांगितलं.
सांगायला हवं होतं का, अजून ठरत नाही.

सहाव्या दिवशी नवी जमीन बसली.
ड्वेनने लेव्हल ठेवली, बुडबुडा जरा
ओढ्याकडे कलला.
चालेल, व्हर्ना म्हणाली,
घर आधीपासूनच तिकडे बघतंय.
तिने चुलीवर मक्याची पिवळी भाकर केली होती,
म्हणजे ती तिला ब्रेड म्हणते.
मला वाढताना कडेचा तुकडा मोडला
आणि ती ओशाळली.

असू दे, मी म्हटलं मराठीत.
आणि मोडलेला तुकडाच आधी उचलला.