दंड, दोन आणे

नगरपालिकेच्या जुन्या दप्तरात पणजोबा सापडले
ते दंडाच्या वहीत.
गोवंडे काका मोडी वाचतात पानाला चाळीस रुपये घेऊन,
शिंकतात मात्र फुकट.

‘लुमाजी बिन येसू, दिवाबत्ती खाते.
गंज पेठ, कंदील नंबर सतरा
विझलेला आढळला. दंड दोन आणे.’

पुढे आणखी एक, त्याच कंदिलाचा.
मग दीड वर्ष काहीच नाही.
मग रॉकेल कमी भरल्याबद्दल चार आणे.
इथे काका चष्म्यावरून माझ्याकडे बघतात,
जणू बाटली माझ्याच पिशवीत आहे.

जन्म कुठेच नाही. लग्न नाही.
मृत्यूच्या नोंदीत वय अंदाजे पन्नास, ताप.
वारस: बायको.
तिचं नाव लिहायला जागा होती, शाईही होती.

एकवीस वर्षं नोकरी, नऊ दंड.
मी बोटांवर हिशेब करते, चुकते, पुन्हा करते.
बाकीच्या संध्याकाळी कुठल्या वहीत?
खांद्यावर शिडी, कानामागे विडी,
काचेवरची काजळी धोतराच्या सोग्यानं पुसून
तो पुढच्या खांबाकडे गेला,
हे कशाला कोण लिहील.

काका म्हणतात, अजून दोन वह्या आहेत,
वाळवीनं आधी वाचलेल्या.
या सोमवारी.

परतताना मुद्दाम गंज पेठेतून येते.
सतरा नंबर कुठला, कोण सांगणार?
एका खांबावर दिवा जळतोय
भर दुपारी, टळटळीत उन्हात.
याचे दोन आणे आता
कुणाच्या नावावर टाकायचे?