तिसरा भाग

सेव-उसळीच्या तर्रीत पाव बुडवत
शिर्के पुन्हा तेच म्हणतो:
कप्तान तिसऱ्या भागातच मेला.
पुढचे एकोणीस भाग यानातून जो हिंडला
तो कप्तान नव्हता.

"जो, सांभळ," केतुल चमचा आपटतो,
"मेला असता तर सातव्या भागात
त्याला ठसका कसा लागला?"
"ठसकाही शिकवतात ते."
ते म्हणजे कोण,
हे बत्तीस वर्षांत ठरलेलं नाही.

आम्ही चौघं. शिर्केचं चष्म्याचं दुकान,
हेमांगी शाळेत गणित शिकवते,
केतुलच्या हृदयात दोन स्प्रिंगा, तरी तर्री जास्त.
आणि एक मालिका, जिचं नाव
आमच्या मुलांना थाप वाटतं:
टिटवी.

टिटवी नावाचं यान.
ग्रहावरचे खड्डे म्हणजे रंगवलेलं इडलीपात्र,
हे आम्हाला तेव्हाही कळत होतं.
कळत होतं, आणि तरी
त्या खड्ड्यात पाऊल टाकताना कप्तान कचरला
की दांडिया बाजारातली सगळी पोरं
श्वास धरून बसायची.

तिसऱ्या भागाच्या रविवारी
कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर फुटला.
कप्तानाचा हात दाराच्या चाकावर,
आणि अंधार.
पोरं रस्त्यावर आली, कोणाच्या घरी कोणी गेल्यासारखी.
मी तेवढी कारेलीबागेत होते,
मावशीकडे.

सोमवारी शाळेच्या नळापाशी मला घेरलं.
पुढे काय झालं? सांग ना, पुढे काय झालं?
अकरा वर्षांची मी. मला कधी कोणी
इतकं काही विचारलं नव्हतं.
म्हणाले: तो आत येतो. तोंड धुतो.
आरशात बघतो. एक डोळा मिचकावतो.
आणि आरशातला
जरा उशिरा मिचकावतो.

नळ तसाच वाहत राहिला.

त्या उशिरावर उभं आहे सगळं.
शिर्केच्या तीन वह्या, तिन्हींना खाकी कव्हर.
केतुलचा विरोधसुद्धा. आरसा त्यालाही मान्यच,
तो एवढंच म्हणतो की त्या ग्रहाजवळ उजेड हळू चालतो.
यावरून दोघं एकदा दीड वर्ष अबोल होते.
मग शिर्केचे वडील गेले, केतुलने खांदा दिला,
आणि खासवाडीहून परतताना, ओल्या केसांनीच,
विचारलं: "पण तो आरसा तिथे बसवला कोणी?"

गेल्या शनिवारी मांजलपुरातल्या कोणाच्या तरी माळ्यावरून
कॅसेट आली. भाग एक ते चार.
हेमांगीकडे लावली. कडेने चित्र वितळत होतं.
कप्तान चाक फिरवतो. आत येतो.
खुर्चीत बसून बूट काढतो.
दुसरा बूट निघता निघत नाही.
मग नावं.

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून
माझं बोट पांढरं पडलं होतं.

शिर्के उठून पडद्याला नाक लावून उभा राहिला.
"कापलंय," म्हणाला. "इथे बघ, उडी आहे.
एकदा दाखवलं, मग घाबरले.
मृणालने पाहिलं म्हणून, नाहीतर
पत्ताच लागला नसता जगाला."
आणि केतुल, जन्मात पहिल्यांदा:
"हा. कापलंय."

रात्री सूरसागरच्या कठड्याकडेने
हेमांगी माझ्याबरोबर चालत आली.
पाण्यात दिवे लांबच लांब झाले होते,
शेंगदाणेवाला शेगडी विझवत होता.
"तुझ्या मावशीकडे," ती म्हणाली,
"तेव्हा टीव्हीच नव्हता."

मी पुढे बघत राहिले.

"मला त्याच सोमवारी माहीत होतं.
नळापाशीच."

एक रिक्षा गेली. तिच्या मागच्या काचेवर
कोणाचं तरी नाव उलटं.
मग हेमांगी थांबली. आवाज एकदम खाली,
वर्गात चिठ्ठी सरकवताना असायचा तसा:
"पण मृणाल, डोळा कोणता गं?
डावा की उजवा?"

"डावा," मी म्हणाले,
क्षणाचाही उशीर न करता.